दवाखान्याच्या सात गाद्या

मी सूर्यभान वल्द गणाजी, वय वर्षे चोपन्न, जात कुणबी, धंदा कारकुनी, राहणार अकोला, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे, अंगात ताप नाही आणि मला कोणी धाक घातलेला नाही. पुतण्या भगवंत सकाळपासून दोनदा प्रकृती विचारून गेला, त्यास मी धाक समजत नाही. माझी पत्नी पार्वताबाई गेल्या मार्गशीर्षात वारली. मूलबाळ नाही. म्हणून माझ्यामागे जे राहील त्याची व्यवस्था पुढीलप्रमाणे करतो.

कलम पहिले. क्रियाकर्म साधे करावे. कापसाचे अडते उत्तमराव हे आमच्या धर्मार्थ दवाखान्याच्या पंचांचे प्रमुख आहेत. त्यांस स्मशानात चार शब्द बोलू देऊ नयेत. त्यांचे चार शब्द चालू असताना दवाखान्यातून दोन रोगी उठून घरी गेलेले मी पाहिले आहेत.

कलम दुसरे. बार्शीटाकळीचे शेत व बैलजोडी भगवंतास द्यावी. छत्रीही त्यालाच. ती एका बाजूने गळते. ती बाजू त्याने बरोबरच्या माणसाकडे करू नये.

कलम तिसरे. पत्नीच्या पाटल्या तिची बहीण वच्छला हिस द्याव्यात. तिने त्या कधी मागितल्या नाहीत.

कलम चौथे. राहते घर. हे घर दवाखान्याला लागून आहे व पंचांना ते रोग्यांच्या सोयीसाठी हवे आहे, असे ते म्हणतात. मी ते दवाखान्यास देतो, पण अटींवर. अटी का घालतो ते लिहिणे भाग आहे.

चार वर्षांपूर्वी पंचांनी दवाखाना काढला तेव्हा सात खाटा आणि सात गाद्या केल्या. गाद्यांत उत्तम कापूस होता. मग अमेरिकेत लढाई पेटली आणि आपल्याकडे कापसाचा भाव चढला. एके दिवशी उत्तमराव आले, गादी दाबून पाहिली आणि म्हणाले, "सूर्यभानजी, हा कापूस इथं नुसता झोपून राह्यला. मी उसना नेतो. भाव उतरला की भरून देतो."

भाव उतरला नाही. सातही गाद्यांत कुटार भरले गेले, म्हणजे तुरीचा आणि हरभऱ्याचा भुसा. मी वहीत लिहिले, "कापूस धुण्यास दिला आहे." तो सात महिने धुण्यास होता.

हे उघडकीस आणले एका बैलाने. नत्थुजी नावाचा शेतकरी पोटाच्या विकाराने आला होता. त्याचा बैल खिडकीशी बांधलेला होता. त्याने आत मान घातली आणि नत्थुजीच्या अंगाखालची अर्धी गादी खाल्ली. नत्थुजी ओरडला, "अजी कारकून, माह्या बैलानं तुमची गादी खाल्ली! भरपाई नोका मागू!" मग थोडा वेळ विचार करून म्हणाला, "पण बैल कापूस खाते का जी?"

सगळे रोगी कुशीवर वळून आपापली गादी हुंगू लागले.

पंच जमले. उत्तमराव सर्वांत जास्त संतापले. त्यांनी ठरवले की नत्थुजीची गादी पुन्हा कापसाने भरावी आणि दर बाजाराच्या दिवशी सर्व गाद्या तोलाव्यात, म्हणजे चोर सापडेल. कापूसवाल्यांना तोलण्यापलीकडे तपासणी ठाऊक नाही. पण रोगी उठवता येत नव्हते, म्हणून अडतीवरचा मोठा काटा आणून रोगी गादीसकट आणि खाटेसकट टांगण्यात आले. एका म्हातारीने वरून मला विचारले, "मले इकून राह्यले का जी?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "मग खाली घ्या ना."

पुढच्या बाजाराला नत्थुजीची खाट सात शेर कमी भरली. त्यास आठवडाभर हगवण होती. त्या खाटेची शुश्रूषा मैनाबाईकडे होती. ती विधवा आहे आणि दवाखाना निघाल्यापासून रोग्यांचे सगळे तीच करीत आली होती. उत्तमराव म्हणाले, "सात शेर कापूस कुठं गेला, मैनाबाई?"

ती म्हणाली, "गादी तेवढीच हाये जी. माणूस वाळला. त्याले डोळ्यानं पाहा ना एकडाव."

"काटा काय खोटं बोलते का?"

"काट्याले काय इचारता? नत्थुजीले इचारा!"

नत्थुजी हात वर करून म्हणाला, "मीच गेलो जी ते सात शेर!" पण रोग्याची साक्ष घेण्याची पंचांची रीत नव्हती. मैनाबाईस काढून टाकले. कारण म्हणून वहीत मी लिहिले, "कापसाची अफरातफर." मला खरे ठाऊक होते. अक्षर नेहमीसारखेच चांगले आले.

घरी पत्नीने विचारले, "तुमी लिवलं काहून?" मी म्हणालो, पंचांनी सांगितले. ती म्हणाली, "पंचाईनं बोट धरून गिरवून घेतलं का?" त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. मला बोलणे जमत नाही.

ती आजारी पडली तेव्हा दवाखान्यात जायला तयार नव्हती. "मैनाले बोलवा," एवढेच म्हणाली. मैनाबाई आली. अकरा दिवस राहिली. मला तिने एकही वावगा शब्द ऐकवला नाही, ते मला फार जड गेले. अकराव्या दिवशी पत्नी वारली. तिला न्हाऊ घालून मैनाबाई आपल्या घरी निघून गेली.

कलम पाचवे. अटी या: सातही गाद्यांत कापूस भरावा. रोग्यास काट्यावर टांगू नये. रोग्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. सेवकास विचारल्यावाचून आणि त्याचे उत्तर वहीत लिहिल्यावाचून काढू नये. प्रत्येक पंचाने महिन्यातून एक दिवस सकाळपासून दिवेलागणीपर्यंत रोग्याच्या गादीवर पडून राहावे आणि रोग्याचा काढा प्यावा. उत्तमरावांना काढा कडू लागल्यास दुप्पट द्यावा.

कलम सहावे. उत्तमरावांना एक पोते कुटार द्यावे. उसने नव्हे, कायमचे.

कलम सातवे. माझ्या मृत्यूनंतर हा कागद पंचांपुढे वाचावा, मैनाबाईवरचा आळ खोटा होता व तो मी लिहिला असे जाहीर करावे आणि तिची जागा तिला परत द्यावी. असे न केल्यास घर भगवंतास जावे.

येथवर लिहून मी मैनाबाईस बोलावले आणि तिची साक्ष मागितली. सातवे कलम वाचून दाखवले. तिने विचारले, "अन् तुमी कधी मरता?"

मी म्हणालो, ते सांगता येत नाही.

"तब्येत तर चांगली दिसते. म्हंजे तवापर्यंत मी चोरच राहू? तुमच्या मरणाची वाट पाहत बसू मी? मले नाई शोभत ते. तुमी जिते हा ना? मंग तोंडानं बोला."

मी म्हणालो, "माझा आवाज बारीक आहे."

"पोरगं रडते त्याचाही बारीकच असते. घरभर आयकू जाते."

म्हणून सातवे कलम रद्द समजावे. त्याऐवजी—

कलम आठवे. येत्या माघ पौर्णिमेस पंच जमतील तेव्हा मी स्वतः उभा राहून हा कागद पहिल्यापासून वाचीन. या कलमाच्या अंमलबजावणीसाठी माझ्या मृत्यूची आवश्यकता नाही. बाकीची कलमे माझ्यामागे अंमलात आणावीत.

मुक्काम अकोला, शके १७८६, रक्ताक्षी नाम संवत्सर, माघ शुद्ध दशमी.

सही: सूर्यभान वल्द गणाजी, दस्तुरखुद्द.

साक्ष: देवीदास पंतोजी, दस्तुरखुद्द.

साक्ष: मैनाबाई. लिहिता येत नसल्याने सहीऐवजी निशाणी बांगडीची. (आज करण्यास नकार. आधी वाचन ऐकणार.)

माघ पौर्णिमा. साक्षीदार देवीदास लिहितो की सूर्यभानजींनी कागद पंचांपुढे उभ्याने वाचला. सहाव्या कलमाला उत्तमराव उठून गेले, ते काढ्याला भिऊन की कुटाराला, हे कळले नाही. मागे बसलेल्यांनी "मोठ्यानं, जी!" असे दोनदा ओरडून सांगितले आणि आळाचा मजकूर सूर्यभानजींनी दोन्ही वेळा पुन्हा वाचला. उरलेल्या चार पंचांनी वहीतली ओळ सूर्यभानजींच्याच हातून खोडवली. मैनाबाईने लेखणी मागून घेतली व खाली बांगडीची निशाणी काढली आहे.

◯