कापूस भरलेली विजार

दि. ४ मार्च

चि. सौ. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी सुखरूप पोचलो. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, पण खिडकी लागत नव्हती, म्हणून डावा कान दुखतो आहे. काळजीचं कारण नाही.

पिशवी उपसली तेव्हा तळाशी, माझ्या मोज्यात गुंडाळलेला, तुमच्या घरचा सायकलीचा पाना निघाला. कसा आला देव जाणे. चुकून आला असावा. पुढच्या खेपेला घेऊन येईन. पोस्टाने लोखंड पाठवू नये, वजन फार होतं.

आता पाना नाही म्हटल्यावर भिंगरीच्या सायकलीची बाजूची दोन चाकं काढता येणार नाहीत. तर राहू द्यावीत. पोर सहा वर्षांची आहे. तुमच्या गल्लीला उतार आहे, आणि उतार संपतो तिथे त्या भंगारवाल्याने पत्रे रचून ठेवले आहेत. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण माझ्या मनाला तेवढंच काम उरलंय. तीस तारखेला तिच्या वर्गाची तळ्यापर्यंत सायकलवरून सहल आहे, आणि बाजूची चाकं असलेली सायकल बाई चालू देत नाहीत, हे मला ठाऊक आहे. एक दिवस घरी राहिली तर आभाळ कोसळणार आहे का?

जावईबापूंना नमस्कार सांग. भिंगरीचा पापा घे. लोभ आहेच, तो उसवू देऊ नये.

तुझे बाबा


दि. ८ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. कानात कोमट तेल घालू नका, मी दुकानातून थेंब पाठवते आहे. औषधांच्या दुकानात नोकरी करणारी मुलगी असून तुम्ही तेलावर भागवता, लोक मला हसतील.

बाबा, पाना चुकून पिशवीत जाऊ शकतो, पण चुकून मोज्यात कसा जातो? त्याला थंडी वाजत होती का?

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे दहा पाने आहेत. कणीस सोलावं तशी त्याने दोन्ही चाकं काढली. पुढचं मात्र तुमच्या मनासारखं झालं, म्हणून रागावून लिहीत नाही. भिंगरी तीनदा पडली. कोपर सोललं, गुडघा सोलला. तेव्हापासून ती सायकलला हात लावत नाही. म्हणते की ही सायकल खोटारडी आहे, आधी उभी राहायची आणि आता नाही म्हणते. तिने बापाला असंही सांगून ठेवलंय की तीस तारखेला तिच्या पोटात दुखणार आहे. दुखणं तीन आठवडे आधी ठरवून ठेवणारी पोर मी पहिल्यांदाच पाहिली.

हसू येतं, पण बाबा, त्या दिवशी सगळा वर्ग घंटा वाजवत जाईल आणि ही फाटकाशी उभी राहील. मला ते फाटक माहीत आहे. आठवतं ना, काकांची सायकल आणली होती? अख्खा उन्हाळा तुम्ही सीट धरून नळापासून भिंतीपर्यंत माझ्यामागे धावलात, आणि एकदाही सोडली नाहीत. उन्हाळा संपला, सायकल परत गेली. मैत्रिणी शाळेला सायकलवर जायच्या, मी चालत. अजूनही दुकानात चालतच जाते. दोष देत नाही. कच्चा धावदोरा वेळेवर काढला नाही तर कापड चुण्या धरतं, हे तुम्हीच गिऱ्हाइकांना सांगायचात, एवढंच.

प्रेम असू द्यावं, काळजी जरा कमी असू द्यावी.

आपली ठकू


दि. १२ मार्च

चि. सौ. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसून वाचलं, तरी तेच लिहिलेलं होतं.

तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. मला सायकल येत नाही. चौथीत शाळा सुटली आणि मी शिलाईच्या मशीनवर बसलो. जन्मभर पायडल मारलं, पण इंचभर पुढे गेलो नाही. तू पडली असतीस तर तुला कसं पकडायचं, हे मला ठाऊक नव्हतं. धरून ठेवणं तेवढं ठाऊक होतं.

असो. मला जे येतं ते केलं आहे. भिंगरीसाठी विजार शिवून पाठवतो आहे. दोन्ही गुडघ्यांवर आणि बुडाशी कापूस भरलाय, त्यासाठी माझी एक उशी फोडली. (मला दोन लागत नाहीत.) अस्तर दुहेरी आहे, टाके बारीक आहेत, छतावरून पडली तरी उसवणार नाही. छतावर चढू देऊ नये. तिला माझा निरोप दे की ही घातली की लागत नाही. आणि जावईबापूंना सांग की सीट सोडू नका.

कानाला उतार आहे. दुसरा दुखेल असं वाटतं.

असंच पत्र येत राहावं, म्हाताऱ्याचा लोभ धरून असावं.

तुझे बाबा


दि. २४ मार्च

चि. ठकूस आशीर्वाद.

बारा दिवस पत्र नाही. विजार पोचली का? लहान झाली का? पोर दवाखान्यात असेल तर तसं स्पष्ट लिही, मी घाबरत नाही. पोस्टमन मला पाहून आता पलीकडच्या बाजूने जातो.

बाबा


दि. ३१ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, खूप रागवा. पण मला तीस तारीख उलटल्यावरच लिहायचं होतं.

विजार पोचली. पार्सल उघडलं आणि विजार टेबलावर स्वतःच्या पायांवर उभी राहिली. भिंगरीला चढवली तर गुडघेच वाकेनात. पायडलवर पाय ठेवायचा तर गुडघा वर यायला हवा, तो येईना. तरी काढू देईना, कारण आजोबांनी सांगितलंय की ही घातली की लागत नाही. तुमच्या जावयांनी सीट धरायला हात पुढे केला तर तिने तो झटकला. विजार असताना बाबा कशाला, असं म्हणाली. मग ताठ पायांनी जमीन रेटत निघाली, बदकासारखी.

सायकलवाला दुकानातून बघत होता. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तो पाना घेऊन बाहेर आला, सीट खाली केली आणि दोन्ही पायडलं काढूनच टाकली. म्हणाला की बाई, हिला असंच जाऊ द्या, पोराला आधी तोल यावा लागतो, पायडल मागाहून. आणि ज्याने ही विजार बेतली तो माणूस या कामातला उस्ताद दिसतो. मी त्याला खरं सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी नुसती रेटारेट. तिसऱ्या दिवशी दोन्ही पाय मधूनच वर. सहाव्या दिवशी पोर अख्खा उतार पाय उचलून उतरली. भंगारवाल्याने पत्रे आपणहून आत घेतले. मग साधी विजार घातली, पायडलं लावली, आणि गुडघे वाकले ते वाकले. सीट कुणीच धरली नव्हती, बाबा. काल तळ्यापर्यंत जाऊन आली. एकदाच पडली, पण बाईंना म्हणाली की ते मोजू नका, चूक दगडाची होती.

आता दुसरी बातमी. भिंगरीने मला शिकवायला घेतलंय. यांच्या सायकलीची पायडलं काढून झाली, लावूनही झाली. ती सीट धरते आणि न सांगता सोडते, लबाड. पण गंमत म्हणजे मला एकच संध्याकाळ लागली. सायकलवाला पैजेवर म्हणतो की तुम्ही आधी कधीतरी चालवली असणार. मी म्हटलं, छे, कधीच नाही.

विजार जपून ठेवली आहे. ती कोपऱ्यात उभी असते. तिच्यावर आहे तशी माया आमच्यावरही असावी.

आपली ठकू


दि. ४ एप्रिल

चि. सौ. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. पोस्टमनलाही वाचून दाखवलं, तो आता या बाजूने येतो. उस्ताद म्हणाला तेवढा भाग दोनदा वाचला.

आता एक लिहायचं आहे. सकाळपासून तीन कागद फाडले.

तो सायकलवाला बरोबर म्हणतो.

त्या उन्हाळ्याच्या शेवटच्या आठवड्यात नळापाशी माझी चप्पल निघाली. पाय अडखळला आणि सीट हातातून सुटली. तू तशीच पुढे गेलीस. वेणी पाठीवर उडत होती, सायकल जराही डुगडुगत नव्हती. बावीस पावलं गेलीस, मागाहून मी ती मोजली. मग मी घाबरून एका चपलेनिशी धावलो आणि भिंतीच्या अलीकडे पुन्हा सीट धरली. तू मागे न बघता विचारलंस की बाबा, धरलंय ना? मी हो म्हणालो.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू एकटी निघाली असतीस, फाटकाबाहेर, रस्त्यावर. म्हणून गप्प बसलो. मग काकांची सायकल गेली, आणि तू चालत शाळेत जाताना दिसलीस की रोज सांगावंसं वाटायचं, पण उशीर झाला होता. तीस वर्षं उशीर होत राहिला. तुला तेव्हाच येत होती, ठकू. येत नव्हतं ते मला.

दुकानात सायकलवर जात असशील तर जा. घंटा वाजवत जा.

सोबत पाना पाठवतो आहे. तो चुकून आला नव्हता. पोस्टात तोलून पाहिला, वजन काही फार नाही.

भिंगरीला सांग, पुढच्या खेपेला मी येईन तेव्हा माझ्या मापाची विजार शिवून आणतो. कापूस मात्र कमी भरीन. लोभ धरून असावं, सीट सोडली तरी.

तुझे बाबा