फाईल उघडेपर्यंतचा चहा

मंगळवार, वरळी कोळीवाडा

नाही बदलणार. सरांनी दम दिला तरी नाही.

संपानंतर बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात आमचं ऑफिस. सर्व्हरवरचा नकाशा उघडायचा म्हणजे क्लिक करून चहाला जायचं. सगळे म्हणायचे, नेटवर्कच स्लो आहे. मग तीच फाईल माझ्या मशीनवर ठेवली की झटकन कशी उघडते? आज कोड पाहिला. आमचा प्रोग्रॅम सर्व्हरकडे चिमूटभर मागतो, येईपर्यंत थांबतो, परत चिमूटभर मागतो. आईने होडीतून एकेक बोंबील असा उचलून आणला असता, तर बाजार उठून गेला असता! मी त्याला एकदम पाटीभर मागायला लावलं. दुपारभर तपासलं, नकाशातली एक रेघ चुकली नाही.

संध्याकाळी सरांनी क्लिक केलं आणि सवयीने चहाला उठले. खुर्ची मागे सरकायच्या आत नकाशा समोर.

"कोणाला विचारून हात लावलास? उद्या होतं तसं कर, नाहीतर दुसरी नोकरी बघ."

मी हो म्हणून मान हलवली का? हलवली असेल. का पण?

उद्या सगळ्यांसमोर सांगणार, "सर, होतं तसं तुम्हीच करा. आणि मग तुम्हीच सगळ्यांना सांगा, जा, चहा पिऊन या."