लाट्या, गोळ्या आणि गच्चीवरचं ऊन

जळगाव, मंगळवार
(सूनबाई ज्योत्स्ना बाजारात गेली आहे.)

ती. अक्कास,

धाकट्या लताचा वाकून नमस्कार. (कमरेत कळ आली, पण वाकले.) भाऊजींचा खोकला गेला का? तुझे गुडघे काय म्हणतात? आमच्याकडे सगळे मजेत, मी सोडून.

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस. फोनवर बोलले की सूनबाईला स्वयंपाकघरात सगळं ऐकू जातं, आणि मोबाइलवर लिहिलं की तुझा नातू ते मोठ्याने वाचतो. उद्या आमचा हितेंद्र तुमच्याकडे धुळ्याला येतोय. त्याच्याजवळ केळीच्या वेफर्सचा डबा देतेय, त्यात कागदाखाली हे पत्र आहे.

तर झालं असं, हिवाळ्यात रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, ड जीवनसत्त्व कमी आहे, हाडं ठिसूळ होताहेत, कॅल्शियमच्या आणि ड च्या गोळ्या घ्या, सकाळचं ऊनही घ्या. अगं, जळगावच्या माणसाला ऊन कमी! इथे उन्हाळ्यात चप्पल डांबराला चिकटते, आणि मला म्हणे ऊन मिळत नाही! (मिळणार कुठून? डोक्यावर पदर, पदरावर छत्री. काळी पडशील ही आईने घातलेली भीती या वयातही जात नाही.) बरं, गेले गच्चीवर. पण रिकामं किती बसायचं? शेजारच्या बेबाबाईला हाक मारली. ती म्हणाली, "हाई दुखनं बठ्ठास्ले शे," (म्हणजे सगळ्यांनाच आहे!) आणि पोळपाटच घेऊन आली. मग तिचे उडदाचे पापड सुरू झाले. पापड म्हटले की लाट्या आल्या, लाट्या म्हटल्या की वाटीत तेल आलं. पिठाची लाटी तेलात बुडवून तोंडात टाकल्याशिवाय मीठ-खार बरोबर पडलाय का हे कळणार कसं? आणि एका लाटीत ते कळत नाही, हे तुला मी काय सांगू!

त्यात समोरचे ज्ञानेश्वरभाऊ (निवृत्त झाल्यापासून मोबाइल बघून डॉक्टरकी करतात) म्हणाले, वयस्कर बायकांचं कोलेस्टेरॉलही या गोळ्यांनी उतरतं, मी वाचलंय. मग काय, मी निर्धास्त! म्हटलं गोळी आहे ना पोटात, बघून घेईल ती तेलाचं.

परवा पुन्हा तपासलं. ड छान वर आलं, आणि त्याच्या मागोमाग कोलेस्टेरॉलही. मी लगेच सगळं गोळ्यांवर ढकललं. डॉक्टर हसले. म्हणाले, आजी, गोळ्या हाडांसाठी आहेत, कोलेस्टेरॉल उतरलंच तर नावापुरतं, तुम्ही खाता काय ते सांगा. मी म्हटलं, साधा वरण-भात. तेवढ्यात सोबत आलेली ज्योत्स्ना म्हणाली, मग डब्यातलं तेल तळाला कसं गेलं? मी म्हटलं, देवापुढे समई लावते. (अक्का, भिंतीवरच्या कॅलेंडरातला गणपतीसुद्धा माझ्याकडेच बघत होता.)

घरी येऊन तिने फर्मान काढलं, यंदा पापड विकतचे. तेल सुटलं तर सुटलं गं, मी एवढी खादाड नाही. पण दर चैत्रात तू पापडांसाठी येतेस, आपण गच्चीवर बसून आईच्या गोष्टी काढतो, हसून हसून लाटणं हातातून पडतं. विकतचे पापड आले तर तू कशाला येशील? मला खरंच रडू आलं.

मुलांना आशीर्वाद. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
लता

ता. क. : ज्योत्स्नाला फोन कर. सांग, धुळ्याला तुमच्या गच्चीवर माकडं येतात, म्हणून धुळ्याचे पापडही इथेच करायचे आहेत. तुला ती नाही म्हणणार नाही.

आणखी ता. क. : येताना शेंगदाणा तेलाची लहान बाटली आण. कुणी विचारलं तर गुडघ्याला चोळायचं आहे म्हण.

(खालचं अक्षर ज्योत्स्नाचं.) मावशी, नमस्कार करते. वेफर्सचे डबे या घरात मीच भरते, हे आई विसरल्या. तुम्ही नक्की या, पापड घरीच करू. आईंना एक लाटी मिळेल, तीही निथळून. आणि मावशी, माझंही ड कमी निघालंय. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण गच्चीवर पोळपाटासमोर मला कुणी कधी बोलावलंच नाही. तेव्हा बाटली आणाच, आणि दोन लाट्या माझ्या नावाच्या ठेवा.