छावणीतली चंद्री

१४ एप्रिल
आबा इकडे परदेशी माझ्याकडे येणार नाहीत! तिकीट काढलेलं, त्यांच्यासाठी हात असलेली खुर्ची आणून ठेवलेली. आणि आज फोनवर म्हणतात, "रानात गवताची काडी राहिली नाही गं. सरकारनं चारा छावणी उघडलीय. चारी जनावरं तिथं बांधलीत. सकाळ-संध्याकाळ हजेरी. मालक नसला तर नाव कटतं."
म्हणजे लेकीपेक्षा म्हैस बरी. चंद्री माझी सावत्र बहीणच!

१५ एप्रिल
शेजारच्या खोलीतली चैत्राली कायमची पुण्याला गेली, हे आबांना अजून सांगितलेलं नाही. ते विचारतात, "ती आहे ना सोबतीला?" मी म्हणते, आहे की, मजेत आहे. त्यांच्या जिवाला घोर नको.
एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा आला. बिस्किटं खाल्ली.

१९ एप्रिल
आज दिवसभरात मी कोणाशी बोलले? लिफ्टमध्ये कोणाला तरी "सॉरी" म्हटलं. बस्स. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशी, कोपीवाल्या म्हणजे कॉफीवाल्या आंटीने विचारलं, "अगेन अलोन आह?" हसले. आणि मग एमआरटीच्या मेट्रोत रडू आलं — सगळ्यांदेखत!

२६ एप्रिल
व्हिडिओ कॉल. छावणीत काय गजबज! मागे कोणाचं तरी पाण्यावरून भांडण चाललेलं. "थांब जरा, दमयंतीबाईंनी पिठलं दिलंय, गरम आहे." मला ताटकळत ठेवून जेवले! शेजारून हरीशकाका ओरडले, "पोरी, तुझा बाप इथला पुढारी झालाय! सगळ्यांना वैरण वाटतो!"
चंद्री दाखवा म्हटलं. एक म्हैस दाखवली. कपाळावरचा पांढरा चांद दिसेना. "चिखल लागलाय," म्हणाले. दुष्काळात चिखल कुठला? असेल हौदापाशी.
फोन ठेवल्यावर घर फारच शांत वाटलं. हेवा वाटला मला. त्या म्हशींचासुद्धा!

३ मे
भांडले. "गेल्या वेळी आलात तेव्हा इथं काय कमी पडलं तुम्हाला?"
आबा म्हणाले, "कमी काही नाही गं. तू कामावर, मी अकराव्या मजल्यावर. लिफ्ट वाजली की वाटायचं तू आलीस."
रागाने फोन कट केला. मग तशीच बसून राहिले. लिफ्ट वाजली की मीही दाराकडे बघते. आणि माझ्याकडे तर कोणी येणारही नसतं.

४ मे
मी फोन केला नाही. त्यांनीही नाही.

९ मे
चुलतभावाला, वरदला, फोन लावला. म्हटलं, महिनाभर तूच सांभाळ ना ती चार जनावरं, आबांना इकडे धाड.
तो चाचरला. "ताई, कुठली जनावरं? छावणी मंजूर होईस्तोवर त्यांची वैरण संपली. शिमग्याआधीच चारी विकली. चंद्रीला सोडताना लहान पोरासारखे रडले गं. आता घर खायला उठतं म्हणून छावणीत जाऊन बसतात, लोकांच्या जनावरांना चारा घालतात. तुला सांगू नको म्हणालेत. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून."

१० मे
आबांना फोन केला. विचारलं, "चंद्री कशी आहे?"
"मजेत. आणि तुझी चैत्राली?"
"तीही मजेत."