खरवडलेली बाटली

लाझारो, पोरा,

तुझी बायको तमंदानी दर महिन्याला चर्चचं नाव सांगून झोंबा शहराला जाते, म्हणून मला संशय आला. वाटलं, कोणी पुरुष असेल. परवा मी तिच्या मागोमाग गेले. ती सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या औषधाच्या रांगेत उभी होती.

"गरिबाला फुकट काय देतात गं? विषच देत असतील," मी म्हणाले.

"विष असतं तर मी अंथरुणातून उठून पुन्हा मका कांडायला लागले असते का, आई?"

"हे दुखणं आणलंस कुठून?"

तिने रांगेत पुढे सरकून नर्सपुढे हात केला.

नर्सने दिलेल्या गोळ्या मी हातावर घेऊन पाहिल्या. गेल्या नाताळला तू जोहान्सबर्गहून आलास, तेव्हा तुझ्या पिशवीत अगदी अशाच होत्या. बाटलीवरचा कागद खरवडलेला होता. "खाणीत ताकदीसाठी देतात," असं तू म्हणाला होतास.

म्हणजे तुला ठाऊक होतं. स्वतः औषध घेत राहिलास आणि तिला मरायला इथे ठेवलंस.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तू गोड उत्तर लिहिशील आणि मी आई आहे, विश्वास ठेवीन. घरी येशील तेव्हा हे हातात देईन, मग समोर बसून सांग.

आलास तर तुझी चटई बाहेरच्या खोलीत असेल. आत तिच्याजवळ मी झोपते.

तुझी आई,
नाम्बेवे