अखजीच्या घागरी आणि मोटरचं सील

प्रति,
मा. उपविभागीय अभियंता साहेब,
पाटबंधारे उपविभाग, जि. बुलढाणा

विषय : धरणावरच्या माह्या मोटरचं सील अखजीच्या आत काढून देण्याबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, दि. २/४/२०२६ (शेतीचं पाणी गावाले पिण्यासाठी देल्ल्याबद्दल).

महोदय,

अर्ज करतो की, मी उत्तमराव लहाने, राहणार सावळदरा. शाळा दुसरीपर्यंतच, म्हणून बोलतो तसंच लिवतो. तुमची नोटीस चार खेपा वाचून घेतली. समजण्यासारखं तिच्यात काही निघालं नाही.

१) धरणातून चार एकर कांद्याले पाणी घ्याची मंजुरी मले तुमीच देल्ली. औंदा गावची बोर आटली. टँकर आठ दिवसानं येते, तोंड दाखवते अन् जाते. म्हणून मी कांदा लावलाच नाही, तेच पाणी पाइपानं गावच्या टाकीत सोडलं. थेंब जास्त घेतला नाही.

२) तुमचे शाखा अभियंता आले. वावरात पीक दिसलं नाही, तं त्याइले लय दुःख झालं. आमच्या घरच्या पुष्पाबाईनं त्याच पाण्याचा तांब्या देल्ला. साहेब गटगट पेले, दुसरा मांगतला, तोंड पुसलं अन् मोटरले सील ठोकलं. पंचनाम्यात ते दोन तांबे काऊन नाहीत?

३) मंग मी कायद्यानं चाललो. पाणी मागणीचा नमुना सात भरला. पिकाच्या रकान्यात लिवलं : माणसं, ४१२. तुमच्या कारकुनानं इचारलं, "काका, खरीप का रबी?" म्या म्हटलं, "बारमाही हाय बापा, उन्हायात जास्त लागते." त्यानं 'माणसं' खोडून 'चारा' लिवलं. चाऱ्याले म्हणे मंजुरी भेटते. एवढी अक्कल तुमच्या हापिसात एकाच टेबलावर हाय, का सगळ्याइले वाटून देल्ली?

४) येत्या १९ तारखेले, रविवारी, अखजी, म्हणजे तुमची अक्षय तृतीया. त्या दिवशी गेलेल्या बुढ्याइच्या नावानं घरोघरी नवी घागर भरतो. वर्सातून एक दिवस ते पाणी प्याले येतेत. पुष्पाबाईनं आणलेल्या घागरी पालथ्या पडून हायेत. आमी जित्ते लोकं टँकरच्या मांगं पळू. मेलेल्याइले रांगेत कसं उभं करू?

तरी शनिवार, १८ तारखेपर्यंत सील काढा. नाही काढलं तं बुढ्याइले तुमच्या हापिसचा पत्ता सांगून ठेवतो. माहा बाप लय तापट होता, अन् त्याले 'चारा' म्हटलेलं चालणार नाही.

आपला नम्र अन् तहानलेला,
उत्तमराव किसनराव लहाने
सावळदरा, दि. ११/४/२०२६

सोबत :
१) नोटीस.
२) नमुना सात, खोडलेला.
३) तांब्या एक, साहेब पेले तोच. वापस पाह्यजे, भरून.