निरानचं ताट

पेरादेणिया,
१४ जुलै २०१७

प्रिय अय्या, माझ्या थोरल्या दादा,

तू आणि वहिनी सुखरूप असाल असं धरून चालते. वेलिगामला समुद्र खवळल्याचं बातम्यांत ऐकलं आणि तुझ्या मुखवट्यांच्या शेडवरचे पत्रे आठवले. या वर्षी ते बदलून घेतलेस का? इकडे फणस इतके लागलेत की शेजारी आता आमच्याकडून घेईनासे झालेत. पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघाली. प्रकाशक दुसरा भाग मागतो आहे. दिनिती बरी आहे.

हे वाक्य लिहून मी उठले, चहा केला, परत येऊन बसले. ते खोडत नाही. गेले कित्येक महिने मी सगळ्यांना हेच सांगते आहे, तर एकदा ते माझ्या अक्षरातही राहू दे. दिनिती बरी नाही. ती इस्पितळात आहे. तुझी भाची जेवत नाही, अय्या.

सुरुवात कधी झाली ते मला सांगता येत नाही, आणि आईला ते सांगता येऊ नये याचं काय करायचं तेही कळत नाही. शाळेचा पांढरा गणवेश खांद्यावरून घसरायला लागला तेव्हा मी तो आत घेऊन शिवला. इतकंच सुचलं मला. मग एकदा स्वयंपाकघराच्या दाराशी तिचं ताट दिसलं. भात, डाळ, ओल्या खोबऱ्याचं पोल सांबोल, सगळं नीट वाढलेलं, वर केळीचं पान झाकलेलं.

"हे कुणासाठी गं?"

"तुला माहीत आहे, अम्मा."

"मला नाही माहीत."

"तूच लिहिलंयस आणि तुलाच माहीत नाही?"

ती हसून म्हणाली. मीही हसले. वाटलं, पोरगी माझी थट्टा करते आहे.

तू पुस्तक वाचलंयस, तरी लिहिते, कारण आज ते मलाच नव्याने वाचल्यासारखं झालंय. माझा निरान, ज्याला सगळे यका, राक्षस म्हणतात तो, चुलीपासून लांब, उंबऱ्यापाशी बसून असतो. त्याच्या नजरेने दूध नासतं म्हणून लोक त्याला दगड मारतात. खरं तर तो फक्त भुकेला असतो, आणि मागायचं कसं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. मग एक मुलगी आपलं ताट त्याच्यापुढे ठेवते. रोज, सगळंच्या सगळं. आणि तो भयंकर दिसेनासा होतो. त्या राज्याचा नकाशा मी आणि दिनितीने जेवणाच्या टेबलावर बसून काढला होता. डोंगरांना नावं तिने दिली. "यक्यांना कुणी विचारतच नाही, त्यांना काय हवंय ते," हे वाक्यही तिचंच. मी ते पहिल्या पानावर घातलं.

पण मुलगी काय खाते, हे मी कुठेच लिहिलं नाही. मला ते सुचलंच नाही. वाचकांपैकीही कुणी विचारलं नाही.

डॉक्टरबाईंपासून मी पुस्तकाचं लपवलं होतं. काल सांगितलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, ते माझ्या मुलीकडेही आहे. ती वाचते आणि वर दोनदा भात मागून घेते. आजार आधीच होता. त्याला बोलायला तोंड हवं होतं, ते त्याने तुमच्या पुस्तकातून घेतलं." मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली. त्यांनी हेही सांगितलं की नळीने दिलेल्या अन्नावर शरीर काही काळ तगेल, पण दिनिती ती नळी उपसून काढते आणि तिचं हृदय आता थकत चाललंय. एक घास तिने आपल्या हाताने घ्यायला हवा. मी खूप विनवलं. ती शांतपणे म्हणाली, "त्याचं अजून भरलं नाही, अम्मा. मी खाल्लं तर तो पुन्हा पहिल्यासारखा होईल." तिला माझी दया येत होती, असं मला वाटलं.

पुस्तक आलं तेव्हा आपलं भांडण झालं होतं. एका मुलाखतीत मी म्हटलं होतं की आपल्याकडे रात्रभर ढोल-मुखवट्यांचा तोविल करून राक्षसांना हाकलतात, मी मात्र त्यांचं ऐकून घेते. तुझा फोन आला. "आम्ही हाकलत नाही, इनो. त्याला बोलावतो, हसवतो, जेवू घालतो, आणि मग निरोप देतो. तुझा यका चांगला आहे. पण तुझ्या पुस्तकात त्याला निरोप द्यायला कुणी नाही." मी विचारलं, "त्याने काही केलंच नाही, तर त्याला जा का म्हणायचं?" तू फोन ठेवलास.

हल्ली मला तुझं आणि ढोलवाल्या जिनदासचं ते बोलणं सारखं ऐकू येतं. तू मुखवटा घालून उड्या मारत यायचास आणि आजारी माणसाच्या समोर बसून जिनदास तुला अडवायचा.

"कसा आलास रे?"

"बसने."

"तिकीट काढलंस?"

"कंडक्टर मला बघूनच पळाला."

"मग बस कुणी चालवली?"

"मीच. म्हणून तर उशीर झाला."

आजारी बाई कण्हता कण्हता हसायची. मग जिनदास आवाज चढवून विचारायचा, हिला धरायचा हुकूम कुणाचा? तू यक्यांच्या राजाचं, वेस्समुनीचं नाव घ्यायचास. आणि हिचा जीव घ्यायचा हुकूम आहे का? तू मान खाली घालून म्हणायचास, नाही, तेवढा नाही. मग आपला वाटा घ्यायचास आणि तिला दीर्घायुष्य चिंतून निघून जायचास. कॉलेजात मी यावर निबंध लिहिला होता. तेव्हा हे सगळं मला समजलंय असं वाटत होतं.

आता मागायचं ते मागते. अय्या, इकडे ये आणि निरान हो. डॉक्टरबाईंना मी विचारलंय. औषध थांबणार नसेल तर त्यांची हरकत नाही. एक खोली देतील, ढोल हळू वाजवायचा म्हणाल्या. दिनितीने काढलेलं त्याच्या चेहऱ्याचं चित्र सोबत पाठवते आहे. तो मुखवटा कोर. तिच्यासमोर बस, तिच्या ताटातलं जेव, आणि माझं पोट भरलं, आता तू खा, असं त्याच्या तोंडून तिला सांग. माझ्याकडून ती ते ऐकणार नाही. तुझ्याकडून, मामा म्हणूनही, ऐकणार नाही.

तू काय म्हणशील ते ठाऊक आहे. ज्याच्या जाण्याची गाणी नाहीत त्याचा मुखवटा घालायचा नाही. अंगात शिरला तर उतरवणार कोण? आपले वडील, तात्ता, हेच सांगायचे आणि तू आजवर ते मोडलं नाहीस. हे सगळं मी मानत नाही, असं मी नेहमी म्हणत आले. मग मानणाऱ्या माणसाला ही जोखीम घ्यायला सांगण्याचा मला काय अधिकार? नाही, काही अधिकार नाही. तरी सांगते आहे.

त्याच्या जाण्याचं गाणं मी लिहून पाहिलं. पुन्हा पुन्हा लिहिलं. प्रत्येक वेळी शेवटच्या ओळीपर्यंत तो थांबायचीच कारणं देतो, आणि ती पटण्यासारखी असतात. त्याची बाजू मांडायचा मला फार सराव झालाय. तेव्हा माझं गाणं घेऊ नकोस, तुझ्या शब्दांत बोल. दिनितीला माझी वाक्यं लगेच ओळखू येतात.

त्याचा काही दोष नाही, हे मला अजूनही खरं वाटतं. तरी त्याला घेऊन जा.

तुझी,
इनोका